फोन सुरक्षित आहे

३० ऑक्टोबर २००८, भाऊबीज. दरेकसा.

सासुरवाडीत. सासूबाई खाटेला खिळल्या. अंगावर मांस नाही, डोळे तेवढे जागे. डॉक्टर म्हणतो वय झालं, गोळ्या चालू ठेवा.

ओवाळणं झाल्यावर सुशिला मला बाजूला घेऊन म्हणाली, मी राहतो इथंच काही दिवस. मायजवळ. मी तिला शांतपणे समजावलं. घरी धान कापणीला उभा, मजूर लागणार, मला भांड्यांचं दुकान सोडता येत नाही, चूल कोण पाहणार? आणि आता जुना जमाना आहे का? साळ्याकडे, केवळरामकडे, मोबाईल आहे. आपणही एक घेऊन टाकू. कमीजास्त झालं तर त्याने फोन लावायचा, आपण एसटीने आमगाव, तिथून पॅसेंजर, की दारात हजर. फोन असला म्हणजे माणूस इथंच बसल्यासारखं.

सुशिलाने सासूबाईंचं पांघरूण नीट केलं. मग पिशवी भरली.

मी भावनेच्या भरात निर्णय घेत नसतो. म्हणून घर चाललं आहे.

१ नोव्हेंबर. गोरेगाव.

मोबाईल घेतला. चौकातल्या छोटेलालकडून. साधा, बटनांचा, डोक्यावर टॉर्च. छोटेलाल म्हणत होता, काका, सेटिंग करून देतो, नंबरही टाकून देतो. नको म्हटलं. सेटिंग ज्याच्या हाती, फोन त्याच्या हाती. सोबत पुस्तिका आहे. इंग्रजीत आहे, पण माझं मॅट्रिकचं इंग्रजी कुठं गेलं नाही.

दुपारी सिम घातलं. उलटं गेलं. सुलटं केलं. मग बॅटरी उलटी गेली. चार्जिंगला लावला आणि लाईन गेली. भारनियमनाचा आणि माझ्या कामाचा काहीतरी करार आहे.

२ नोव्हेंबर

चालू झाला. तारीख भलतीच दाखवून राहिला. ती सुधारायला गेलो तर भाषाच बदलली. अक्षरं सगळी जिलेबीसारखी. सकाळ त्यातच गेली. नंतर छोटेलालच्या दुकानावरून सहज चाललो होतो, त्याने परत इंग्रजी करून दिलं. मी तेच करणार होतो.

३ नोव्हेंबर

आज सुरक्षा. पिन टाकली. लग्नाचं साल ठेवलं, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. १९७४. सुशिलाला सांगितलं तर म्हणाली, आपलं लगन त्र्याहत्तरचं आहे. चुकीचं साल ठेवणं उलट चांगलं. चोर खरं साल टाकून पाहील आणि फसेल.

नियम केले. ओल्या हाताने फोनला शिवायचं नाही. चुलीजवळ आणायचा नाही. लाईन कमीजास्त होत असताना चार्जिंग नाही. दिवे लागले की फोन बंद करून लोखंडी पेटीत. बॅटरीलाही विश्रांती लागते. छोटेलाल म्हणतो तशी काही गरज नाही. त्याला फोन विकायचे असतात, टिकवायचे नसतात.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावला आहे. पावसाळा संपला, पण धूळ आहे.

६ नोव्हेंबर, दुपारी चार

पहिला फोन. केवळरामला माझा नंबर दिला, आणि त्याने ठरल्याप्रमाणे लावला. दरेकशाला गावात रेंज नाही. स्टेशनच्या मागच्या टेकडीवर चढलं की येते. बिचारा धापा टाकत होता. सासूबाई भाताची पेज घेतात म्हणाला. झोपेत सुशिलाचं नाव घेतात.

सुशिलाच्या कानाला फोन लावून दिला. ती ओरडून बोलत होती, जणू ती टेकडी शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर आहे. मायले सांगजो, मी येतो, कापणी झाली का येतो. मग नुसतीच धरून उभी राहिली. मी फोन घेतला. बोलायचं नसेल तर धरून ठेवायचा नसतो.

व्यवस्था उत्तम चालते आहे.

९ नोव्हेंबर, आठवडी बाजार

बाजारात एकच चर्चा. अनोळखी नंबरवरून फोन येतो, उचलला की मोबाईल हातात फुटतो. बालाघाटकडे कोणाचा कान गेला म्हणतात. तांब्या घ्यायला आलेल्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणजे काहीतरी खरं असणार.

छोटेलाल हसला. हसू द्या. मी ठरवलं, ओळखीचा नंबर असेल तरच उचलायचा. नावं साठवत नाही. फोन चोरीला गेला तर सगळे नातेवाईक चोराच्या हाती. केवळरामचा नंबर मला पाठ आहे, शेवटी ४१.

१२ नोव्हेंबर

सुशिला म्हणाली, मलेही शिकवा ना, तुमी धानाच्या बांधीत असले अन् फोन वाजला तं? मी म्हटलं, फोन माझ्याजवळच राहील, तू कायले त्रास घेतेस. तिने हिरवं बटन कोणतं आणि लाल कोणतं एवढं तरी दाखवा म्हटलं. पिशवीचा रबर काढावा लागला असता. उद्या दाखवतो म्हणालो.

अर्धा धान कापून झाला.

१५ नोव्हेंबर

केवळरामचा फोन आला. शेवटी ४१, उचलला. सासूबाईंचं आज ठीक नाही, म्हणाला, पण घाबरू नका. सुशिला लगेच निघायचं म्हणाली. मी विचारपूर्वक सांगितलं, तो स्वतःच घाबरू नका म्हणतो. परवा, तेरवा धान घरात येईल, मग दोघंही जाऊ. घाई करणारा माणूस दोन कामं बिघडवतो.

ती रात्री जेवली नाही. उपास असेल.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

दिवे लागणीच्या आधी फोन वाजला. नंबर अनोळखी. मी वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा तोच.

सुशिला अंगणातून धावत आली. "फोन वाजून राहिला ना. उचला ना."

मी स्क्रीन दाखवली, शेवटी ०७. ओळखीचा नाही.

"पाहा तं खरं, कोण आहे."

मी तिला बाजारातली गोष्ट सांगितली, समजावून. ती फोनकडे पाहत होती, हात पुढे केला, मग पदराला पुसला. पुन्हा वाजला तेव्हा मी लाल बटन दाबलं. मग बंदच करून पेटीत ठेवला. रात्रीचे नियम थोडे लवकर लागू केले, इतकंच.

ती पेटीजवळ बसून होती. मी म्हटलं, बाई, अशा वेळी डोकं थंड ठेवायचं असतं.

१९ नोव्हेंबर

सकाळी मंगरू आला, केवळरामचा शेजारी. मोटारसायकलवर, मफलर बांधून. दारातच उभा राहिला, आत आला नाही. त्यावरूनच कळलं.

सासूबाई पहाटे गेल्या.

सुशिला रडली नाही. साडी बदलली, म्हातारीला आणलेलं नवं लुगडं पिशवीत घातलं. एसटीने आमगाव, तिथून पॅसेंजर. खिडकीतून दिसणाऱ्या धान कापलेल्या बांध्या मी तिला दाखवत होतो, सालेकशाच्या पुढचं रान दाखवत होतो. तिने काही पाहिलं नाही.

लोक थांबले होते. तिने आईचं तोंड पाहिलं. मग नेलं.

२१ नोव्हेंबर. दरेकसा.

झालं ते असं. दरेकशाला दोन दिवस लाईन नव्हती, केवळरामचा फोन बंद पडला. म्हणून त्या संध्याकाळी स्टेशनवरच्या एका माणसाचा फोन मागून तो टेकडीवर चढला. ०७ म्हणजे तो. सासूबाई तेव्हा शुद्धीवर होत्या. पाणी मागत होत्या आणि सुशी आली का, विचारत होत्या.

ओट्यावर बसलेल्यांना मी सगळं नीट सांगितलं. अनोळखी नंबर उचलू नये, हा नियम आहे. केवळरामने निदान आधी सांगून ठेवायला हवं होतं की कधी दुसऱ्याच्या फोनवरून लावीन. एका म्हाताऱ्याने विचारलं, त्या फोननं कोणी मेलं का खरंच? मी म्हटलं, बालाघाटकडे. ठिकाण नक्की सांगता आलं नाही. सगळे खाली पाहत होते.

केवळराम बोलला ते एवढंच. "भाऊजी, अंधार पडेपर्यंत लावत होतो मी. मले वाटलं तुमी निघाले असान, म्हणून उचलत नसान. मायलेही तसंच सांगितलं. सुशी रस्त्यात आहे म्हणून."

मी त्याला रेंजचं समजावणार होतो. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

सुशिला भिंतीला टेकून बसली होती. तिने ऐकलं असावं.

२३ नोव्हेंबर. गोरेगाव.

मी परत आलो. धानाची मळणी आहे. सुशिला तेरवीपर्यंत तिकडेच. तेच योग्य. स्वयंपाक येतो मला. भात थोडा करपला, पण करपलेला भात पचायला हलका.

दोषाचा विचार केला. यंत्र आहे, यंत्राचंही माणसासारखं चुकतं. शिवाय त्या वेळी निघालो असतो तरी पॅसेंजर मिळाली असती की नाही? मिळाली असती, संध्याकाळची एक आहे. पण ती उशिरा येते नेहमी.

२४ नोव्हेंबर

केवळरामला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. संध्याकाळी पुन्हा. बाहेर.

फोन आता पेटीत ठेवत नाही. पिशवीही काढली, आवाज कोंडतो. उशाशी ठेवून झोपतो. बॅटरीला विश्रांती लागते हे मी कुठं वाचलं होतं, पुस्तिकेत सापडलं नाही.

२७ नोव्हेंबर

छोटेलालकडे गेलो आणि मोकळेपणाने सांगितलं की नावं साठवून दे. त्याने केवळराम टाकला. ०७ टाकायचा का, विचारलं. टाक म्हटलं. नाव काय देऊ? मला त्या स्टेशनवरच्या माणसाचं नाव माहीत नाही. सासूबाई लिही म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

कोणाचा फोन आला नाही. दुपारी एक आला, धावत उचलला. कंपनीची बाई गाणं विकत होती. पूर्ण ऐकलं.

१ डिसेंबर, तेरवी. दरेकसा.

पंगत झाली. सुशिला उभ्या उभ्या वाढत होती. वाळून गेली आहे. घरी कधी येतेस, विचारलं. उद्या, म्हणाली. मला वाटलं होतं आणखी राहते म्हणेल. उत्तर मनात तयार ठेवलं होतं. लागलं नाही.

२ डिसेंबर

घरी आलो. तिला बसवून सगळं दाखवलं. पिन काढून टाकली. आवाज पूर्ण केला. हे हिरवं, हे लाल. फोन आता भिंतीच्या कोनाड्यात उघडा राहील, दिवसरात्र चालू, ज्याचा हात जवळ त्याने उचलायचा. अनोळखी असला तरी उचलायचा. मी स्वतःहून नियम बदलले. अनेक लोक बदलत नाहीत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता चालू ठेवा का बंद ठेवा."

आवाज मोठा नव्हता. रागही नव्हता. राग असता तर मी समजावलं असतं.

४ डिसेंबर

ती बोलते. धान किती पोती झाला, मीठ संपलं, गाय आटली. सगळं बोलते. फोन कोनाड्यात आहे. त्याच्यासमोरून जाताना पाहत नाही.

मी विचार केला, तिला सवय नाही म्हणून. एकदा वाजला, एकदा तिने उचलला, की भीती जाईल. यावर उपाय माझ्याकडे आहे.

५ डिसेंबर, सकाळी अकरा

छोटेलालच्या दुकानातून आपल्याच फोनवर फोन लावला. टेस्टिंग. तिला गंमत वाटेल म्हणून काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. हॅलो, मी इंदरलाल, गोरेगाव चौकातून.

पुष्कळ वाजला. मी ठेवणारच होतो. मग उचलला. तिने बरोबर बटन दाबलं होतं.

आधी नुसता श्वास. मग म्हणाली, "केवळराम?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"कोण आहे? बोला ना. मी सुशी बोलून राहिली."

मी ठेवून दिला. छोटेलालने विचारलं, लागला का काका? लागला, म्हटलं.

जरा वेळाने घरी गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फोन आला होता. कोणी बोललं नाही."

रेंज नसेल, मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली, आणि खडे वेचत राहिली.