तुमच्या ताईने निवडलेला बोर्ड

प्रिय मेहुणेबुवा,

साष्टांग नमस्कार. (दर वेळी नुसताच नमस्कार असतो, आज साष्टांग का, हे पत्र संपेपर्यंत विचारू नका.) तुमची पाठ कशी आहे? कारखान्यात विजेची पॅनेलं बसवताना वाकायचं नाही असं डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय, पण न वाकता पॅनेल कसं बसवायचं हे काही सांगितलेलं नाही, एवढं मागच्या पत्रातून कळलं. इकडे मी ठणठणीत आहे. तुमच्या ताईचा उजवा गुडघा मात्र पार कामातून गेलाय. तो बदलायलाच हवा असं सांगून डॉक्टर दीड महिन्यापूर्वी येत्या अठराची तारीख देऊन मोकळे झाले. तोवर उठबस जितकी कमी तितकी बरी, आणि फार लांबवलंत तर पुढे काठीशिवाय चालता येणार नाही, असंही त्यांनी तिला बजावलं.

आता तिची शिवणाची खोली तुम्ही पाहिलेली आहे. एका टोकाला कापायचं टेबल, दुसऱ्या टोकाला मशीन, तिसऱ्या कोपऱ्यात बटणांचं कपाट (चौथ्यात मी). दिवसातून शंभर फेऱ्या होतात. त्या तिच्याऐवजी मी मारायला तयार होतो, पण निळसर राखाडी आणि राखाडी निळा यांतला फरक मला कळत नाही हे दोन दिवसांत सिद्ध झालं आणि मला परत कोपऱ्यात बसवण्यात आलं. तिथे बसून मी जाहीर केलं की कापलेले तुकडे, कात्री आणि रिळं टेबलावरून मशीनपर्यंत आणून देणारी एक चालती गाडी मी करणार. पस्तीस वर्षं कचेरीत नकाशे काढले, तेव्हा रस्ता दाखवायची सवय होतीच, चाकं तेवढी लावायची राहिली होती, असा माझा समज.

चाकं लागली. घोडं अडलं ते डोक्यापाशी. गाडीचं डोकं म्हणजे मायक्रोकंट्रोलर बोर्ड. सेन्सरकडून ऐकायचं आणि मोटारींना हुकूम सोडायचे, हे त्याचं काम. (तुम्हाला हे सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण मला नुकतंच कळलंय, तेव्हा सांगू द्या.) दुकानदाराने काय करायचंय ते विचारलं. मी छाती काढून म्हटलं, सगळ्यात ताकदवान असेल तो द्या. त्याने दिलेला तो बोर्ड नव्हताच, अख्खा संगणक होता. सकाळी जागा व्हायला त्याला मिनिटभर लागे, एकदम वीज काढली की रुसून बसे, आणि दुपारपर्यंत बॅटरी फस्त करी. तो जागा होईस्तोवर तुमची ताई लंगडत जाऊन रीळ घेऊन आलेली असायची. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि नाण्याएवढा बोर्ड आणला. दोन मोटारी जोडल्या आणि त्याच्या पिना (वायरी जोडायच्या जागा) संपल्या. गाडीला पाय मिळाले, डोळे लावायला जागाच उरली नाही. तिने बटणांच्या कपाटाला अशी धडक दिली की त्यातली बटणं अजून मशीनखाली सापडतात. त्यानंतर मी भिंतभर तक्ता आखला, चौदा रकाने, तीन रंगांची शाई. तक्ता फार देखणा झाला. त्यातून बोर्ड कुठला घ्यायचा हे मात्र कळेना.

शेवटी तुमची ताई उठली, माझा हात धरून दुकानात आली आणि स्टुलावर बसून तिने दुकानदाराला विचारायला सुरुवात केली. माझी सगळी कामं जोडून झाल्यावर किती पिना रिकाम्या राहतील? मी वायर चुकीच्या जागी खोचली तर हा लगेच जळतो की थोडं सोसतो? पाच व्होल्टचा सेन्सर याला चालतो का? आणि दोन वर्षांनी हाच बोर्ड तुमच्याकडे मिळेल का? दुकानदाराने हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि आदराने उत्तरं दिली. तिने मधल्या चणीचा एक साधा बोर्ड उचलला. त्यात वायफायही होतं. मी म्हटलं, आपल्याला ते कशाला? ती म्हणाली, शिवणीत माया सोडायची असते, अंगाबरोबर कपडा सैल करता आला पाहिजे. माझे चौदा रकाने त्या एका वाक्यात निकालात निघाले.

आणि त्या रिकाम्या पिना आठवड्यातच कामी आल्या. गाडी जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून चालते. पोटाखाली दोन सेन्सर पट्टी बघत असतात. परवा काळ्या अस्तराची एक लांब चिंधी नेमकी पट्टीवर पडली. गाडीने इमानेइतबारे चिंधी धरली, वळली आणि मोठी कात्री पुढे करून थेट पडद्याआड शिरली. तिथे भूमितीचे मास्तर अर्धी विजार घालून मापाला उभे होते. ते स्टुलावर चढले आणि सरळ रेषेबद्दल जे बोलले ते वर्गात बोलत नसावेत. तुमची ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्याच दुपारी तिने गाडीच्या पोटाखाली आणखी तीन सेन्सर बसवले आणि पुढे अंतर मोजणारा एक लावला. बोर्ड तोच. आता चिंधी आली की गाडी थांबते, पाय आडवा आला की थांबते. प्रोग्रामही तिनेच लिहिला. आधी काय, मग काय, हे बाहीपासून कॉलरपर्यंत डोक्यात बसलेल्या बाईला ते नवीन नाही, असं तिचं म्हणणं. मला तिचा फार अभिमान वाटतो. इतक्या वर्षांत हे तिला तोंडावर सांगणं जमलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

तुमचा,
गाडीच्या वाटेतून पाय बाजूला घेऊन बसलेला,
भावोजी

ता. क. खरं काम राहिलंच. गाडी इतकी उत्तम चालते की तुमच्या ताईने काल दवाखान्यात फोन करून अठरा तारीख रद्द केली. म्हणाली, "गाडी आहे ना आता, मग गुडघा कशाला कापायचा?" डॉक्टरांच्या हातापाया पडून मी ती तारीख शुक्रवारपर्यंत अडवून ठेवली आहे. तेव्हा तुम्ही तिला ताबडतोब लिहा की असले बोर्ड दोन महिन्यांत बंद पडतात, जाणता माणूस त्यांच्यावर विसंबून राहत नाही. वर मी केलेली सगळी स्तुती खरी आहे आणि तुम्ही लिहाल ते सगळं खोटं असेल. पण विजेच्या बाबतीत ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.

आणखी एक ता. क. मीच एखादी वायर उपटून का टाकत नाही, असं तुम्ही म्हणाल. आज सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो होतो. इतक्यात गाडी माझा पेपर घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. काळी पट्टी माझ्या कोपऱ्यापर्यंत तुमच्या ताईने कधी वाढवली, मला पत्ताच नव्हता.

शेवटचा ता. क. तिला दुखण्याची भीती नाही. काल कापता कापता तिने विचारलं, "भूल दिल्यावर मी उठलेच नाही तर?" मी म्हटलं, असं काही होत नसतं. ती म्हणाली, "मग तुमचा आवाज का कापतोय?" म्हणून हे खोटं तुमच्याकडे सोपवलं. आणि पत्र हाताने लिहू नका, टाइप करून पाठवा. तुमचंही अक्षर थरथरलं तर तिला लगेच कळेल.