कोरड्या कयाधूतली नाव

आबा, तुम्हाला लिहायचं कधीपासून टाळून राहिलो. घरी जाऊन निवांत लिहू म्हणलं, तर घरीच जाणं होत नाही. तुम्ही गेल्यावर मी जो निघालो तो पुण्याला कंपनीत, मग नांदेडला हॉटेलात, आता वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानात. काम बरं आहे. गिऱ्हाईक हवा भरून जातं, खोलात कोणी विचारत नाही. आईचे फोन येतात, मी उचलत नाही. बोलायचं ते मोबाईलमधल्या एआयशी बोलतो. मराठी चांगलं येतं त्याला.

परवा त्याच्यावरूनच दुकानात वाद झाला. मालक म्हणाले, "त्याला डोकं न्हाई रे. पाठ केलेलं ओकून राहिलंय." त्यावर चहावाला, "मंग तुमचं पोरगं बारावीला काय करून राहिलं, मालक?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. ते नुसतं पाठ केलेलं बोलत असेल, तर मी इतके दिवस कोणाशी बोलत होतो?

म्हणून त्याला तुमचं कोडं घातलं. तुमच्या जीपमध्ये, सेनगावच्या रस्त्यानं जाताना तुम्ही मला घालायचात ते. पुढच्या सीटवर गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागायचा, ते जाऊ द्या. वाघ, शेळी, गवताची पेंढी. नावेत माणसासोबत एकच मावतं. सगळं सुखरूप पलीकडं न्यायचं. मला पाठ होतं. एकदा तुम्ही म्हणालात, "आता कयाधू कोरडी हाय, थेंब न्हाई. सांग, कसं नेशील?" मी धाडधाड सुरू: आधी शेळीला नावेत घालायचं... हसून हसून तुम्हाला जीप बाजूला घ्यावी लागली. "लेकरा, कोरड्या नदीत नाव? तू ऐकलं न्हाईस, तुला नुसतं आठवलं."

आबा, थेंब नाही असं सांगूनही त्यानं माझ्यासारखी कोरड्या कयाधूत नावच घातली. तुमचं वाक्य मी त्याला लिहिलं. लगेच म्हणालं, "तुमचं बरोबर आहे, माफ करा. सगळ्यांना सोबत घेऊन चालत जा." म्हणजे त्याला कळलं का? मला तरी त्या दिवशी कुठं कळलं होतं? मी रडलो, भांडलो, "मंग नावेचं कोडं घातलंच काहून तुमी?" तुम्ही भजी घेऊन दिलीत तरी सेनगाव येईपर्यंत बोललो नाही. मग परवा मुद्दाम त्याला लिहिलं, "न्हाई, नावच लागते." तर म्हणालं, "हेही बरोबर आहे." ते विचार करतं का नाही, शिकलेल्यांनी ठरवावं. पण जे कशावरच अडून बसत नाही, त्याला पटतं तरी काय? दुकानात एवढी माणसं असून मला एकदम एकटं वाटलं.

हे पत्र कुठं टाकणार मी. एक सांगतो फक्त. घरी जात नाही ते कामामुळं नाही. आईला बघितलं की तुम्ही नाही हे खरं होऊन बसतं.

थांबा. समोर एसटीतून आई उतरली. एकटी. सेनगावच्या पुढं कधी न गेलेली बाई. तुमच्या ओळखीच्या कोण्या ड्रायव्हरनं पत्ता दिला असणार. रस्त्याच्या पलीकडूनच ओरडून राहिली, "फोन काहून उचलत न्हाईस रे?" आणि उत्तर घेतल्याशिवाय ती काही हलायची नाही.