मेंढीचा रंग

रविवार, ४ जानेवारी १९९८. मंचर.

आज चहानंतर भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं चित्र लावलं — नदीवर पाणी भरणाऱ्या बायका. वृषालीला एकच प्रश्न: काय दिसतंय? चूक-बरोबर म्हणायचं नाही, हा माझाच नियम. बराच वेळ बघून म्हणाली, त्या कडेच्या बाईला घरी जायचं नाही. बघतो तर खरंच, तिची पाठ गावाकडं! बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय, आणि हे मला दिसलं नव्हतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

आशा म्हणते, आपल्या सात वर्षांच्या पोरीला चित्रं बघायला काय शिकवायचं, त्यापेक्षा पाढे घ्या. म्हणू दे.

रविवार, ११ जानेवारी

लिहू की नको असं झालंय.

मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी चहाला आले होते. माझे आबाही सकाळीच गावाहून, आण्याहून एसटीनं आलेले, नातीसाठी बाजरीचं पीठ घेऊन. दाराशी भिंतीला टेकून बसले होते. वृषालीनं नवं चित्र आणून सगळ्यांसमोर धरलं. काळी मेंढी, पाठीवर लाल पट्टा. बाई हसल्या. मेंढी कधी काळी असते होय, आणि हे लाल काय, रक्त?

मी म्हणालो, "चुकलंय तिचं. मेंढी पांढरी असते, बाळ. पुस्तकात बघ."

मी म्हणालो हे! आमच्या कळपात पांढरी मेंढी औषधालाही नव्हती. तो पट्टा गेरूचा — मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून आमच्या घरची खूण. दहावीपर्यंत मी स्वतः ओढलाय, दोन बोटांनी. पण शाळेत कुणाला ठाऊक नाही आमच्याकडं मेंढरं आहेत ते. वडील शेती करतात, एवढंच सांगत आलो.

आबा मुक्कामाला आले होते, दुपारच्याच गाडीनं परत गेले.

सोमवार, १२ जानेवारी

वृषालीनं मेंढीवर पांढरा तेलखडू फिरवला. राखाडी झाली नुसती.

रविवार, १८ जानेवारी

नवं चित्र लावलं. काय दिसतंय? वृषाली मग चित्र सोडून माझ्याकडं बघत म्हणाली, "काय दिसायला पायजे?"

एवढी वर्षं पोरांना डोळे उघडा म्हणून सांगतो, आणि घरातल्या पोरीचे डोळे मीच मिटले.

रविवार, २५ जानेवारी

एकटाच आण्याला जाऊन आलो. आबा मेंढरांना पाणी पाजत होते. बरोबरीनं बादल्या ओतल्या. निघताना कसंबसं म्हणालो, त्या दिवशी चुकलं माझं.

"माझं सोड रं गोरख," आबा म्हणाले. "मी म्हातारा माणूस, मला काय व्हतंय. पोरीला खोटं सांगितलंस, तेवढं निस्तर."

रागावले असते तर बरं झालं असतं. उलट पिशवीभर शेंगा दिल्या बरोबर. गाडीत मांडीवर ती पिशवी घेऊन बसलो आणि स्वतःचीच किळस आली.

बुधवार, २८ जानेवारी

रोज ठरवतो, रोज राहतं. बाप खोटं बोलला, हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं? आज शाळेच्या वाटेवर विषय काढलाही, आणि तिच्या रिबिनीचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

सांगितलं एकदाचं. म्हणालो, तुझी मेंढी बरोबर होती बाळा, त्या दिवशी मला नीट दिसलं नाही.

वृषाली म्हणाली, "तुमी चित्राकडं बघितलंच न्हाई, बाबा. तुमी त्या बाईंच्या तोंडाकडं बघत व्हता."