मातीकडे उभं राहण्याची परीक्षा

पोर्ट ऑगस्टा,
मंगळवार

तीर्थरूप लोर्नाताई,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून अक्कलदाढ न आलेल्या) भावाचा, नेव्हिलचा, नमस्कार. गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात, की अजून रुसूनच बसल्यात? फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक, म्हणजे ऊन आहे, माश्या आहेत आणि मी आहे.

बातमी अशी की मला शाळेत घातलंय. बंद पडलेल्या गाड्यांना टोचन लावून लावून केस पिकले, आणि आता मालकाने आम्हा सगळ्या टोचनवाल्यांना फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये बाकांवर बसवलं. कारण तुला सांगायला नको. आपले रेजदाजी रस्त्यावर हुक लावताना गेले, तेव्हापासून मालकाला झोप नाही. शिकवायला ॲडलेडहून मार्चेटी नावाच्या बाई आल्यात. चण लहान, पण आवाज मेंढ्यांच्या लिलावात खपेल असा. त्यांचं सगळं शास्त्र एका ओळीचं: हुक लावताना रहदारीकडे उभं राहायचं नाही, मातीकडे राहायचं, म्हणजे डांबर सोडून कडेच्या बाजूला. (शेजारून म्हातारा डूगन पुटपुटला, "शेवटी सगळ्यांना मातीकडेच जायचंय की, बाई." एरवी मी हसून लोळलो असतो.)

दुपारी आम्हाला मैदानात नेलं. चाकं नसलेली एक जुनी गाडी, बाजूला चुन्याने आखलेला रस्ता. एकेकाने हुक लावायचा, आणि बाई आपली गाडी घेऊन शेजारून जाणार. गाडी दिसली की काम सोडून मातीकडे सरायचं, एवढंच. पहिला गेला डूगन. गाडी आली, आणि हा पठ्ठ्या चुन्याच्या रेषेवर जाऊन एक बोट वर करून मोकळा! आता आपल्याकडे समोरून येणाऱ्याला बोट वर करून ओळख दिली नाही, तर तो माणूस कसला? दिवसभरात दोन गाड्या दिसायची मारामार, त्यामुळे दिसली की बोट आपोआप वर जातं. (ते कुठलं बोट यावरून बाईंचा गैरसमज झाला आणि त्याचा निराळा तंटा झाला. शहरातली माणसं.) दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने तर आत कोण बसलंय हे न बघताच हात हलवून "बायको काय म्हणते?" असं विचारलं. एकजात सगळे नापास.

बाई भडकल्या. "नुसती ओळख द्यायला मरणार आहात का रे?" म्हणाल्या. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. त्या बिचारीला काय ठाऊक!

ताई, दाजी असेच गेले. मातीच्या दिवशी तू सारखी विचारत होतीस, मधे रस्त्यात कशाला गेले म्हणून. तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढे मेंढ्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर भेटला, त्याने रडत रडत सांगितलं. दाजी कॅराव्हॅनला हुक लावत होते, समोरून हा ओळखीचा आपला ट्रक घेऊन आला, दाजी रेषेवर येऊन हात वर करून हसले. मागून येणाऱ्या गाडीला ते दिसलेच नाहीत. निष्काळजी नव्हते गं ते. माणसाला ओळख द्यायला गेले. त्यांचा ट्रक मीच टोचन लावून आणला. सीटवर तू दिलेला केक तसाच होता. टाकवेना, म्हणून मी खाल्ला.

तू म्हणशील, सोड ते काम. पण या उन्हात कुणाचं बायकापोरांचं बिऱ्हाड बॉनेट उघडून उभं असेल, तर कुणीतरी जायला नको? असो. दुसऱ्या फेरीत सगळे पास झाले, मीही झालो. सोमवारपासून पुन्हा ट्रकवर जातोय. काळजी नसावी.

तुझा,
नेव्हिल

ता. क. : मी पास झालो हे खोटं आहे. माझी पाळी आली तेव्हा हुक हातात घेतला. गाडी जवळ येत होती आणि मला जागचं हलताच येईना. बाईंनी गाडी थांबवली, माझ्या हातून हुक काढून घेतला आणि माझ्याशेजारी गवतावर बसून राहिल्या. बाई वाईट नाहीत. शुक्रवारी माझी एकट्याची पुन्हा परीक्षा आहे.

आणखी एक : शुक्रवारी येशील का? मैदानाच्या कडेला नुसती बस. दाजींना आणि मला तू उठता-बसता 'मेल्यांनो' म्हणायचीस. मेल्यांनो, बूट बाहेर काढा. मेल्या, ताट गार होतंय. दाजी गेल्यापासून तो शब्द तुझ्या तोंडून निघत नाही, आणि माझ्याशी तर कुठलाच निघत नाही. कळतं मला. पण ताई, मी अजून आहे. बाईंची गाडी दिसली की तू जोरात ओरड, "मेल्या, मागे सर!" मी सरेन.