डावा काठ

शनिवार, संध्याकाळ

होडी आज पूर्ण होणार होती. मोटर फिरते, सुकाणू रिमोटचं ऐकतं, टबात सोडली तर थेंबभर पाणी आत आलं नाही. उद्या ठाण्याला नेऊन तलावात सोडायची ठरलेली. आणि बाबांनी होडीच्या डाव्या काठावर बोट ठेवलं.

बाबांची खरी होडी विकली तेव्हा मी शाळेत होते. फोटो एकच, तोही समोरून. त्यावरून खपून खपून हे मॉडेल केलं. नवंकोरं दिसू नये म्हणून दोन्ही काठांचा रंग पॉलिश पेपरने उडवला, अगदी सारखा. मला वाटलेलं, बाबा खूश होतील.

"दोन्ही बाजूंनी जालं खेचतं का कोन गो?" एवढंच बोलले.

खरंच की. जाळं एकाच बाजूने वर घेतात, रंगही तिथलाच जातो. कोळ्याची मुलगी ना मी? एवढंही सुचू नये? राग आला, त्यांचा नाही, माझाच.

नवरोबा म्हणाले, "अगं, तलावात कोणाला दिसणारे डावा काठ?"

मला दिसणार. बाबांना दिसणार.

डावा काठ पुन्हा निळा केला. उद्याचं ठाणं रद्द. मग विचारलं, उजवा तरी बरोबर आहे ना? बाबांनी चष्मा लावला, काठावरून अंगठा फिरवत मागे गेले, सुकाणूच्या जरा अलीकडे थांबले.

"इथं अजून घास. मी इथं उभा रायचो."

तिथे पेन्सिलने खूण केलीये, घासलं नाही. उद्या पॉलिश पेपर त्यांच्याच हातात देणार.