तुझा अणू, माझा सूर्य आणि तुळजापूरचं लॉज

तेर,
३० मार्च १९८७

प्रिय शांतम्मास,

तुझे गुडघे कसे आहेत? यजमानांना माझा नमस्कार सांग, आणि तुमच्या दारातल्या समुद्रालाही. (आमच्या तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात सध्या शेळ्या बसतात.)

चैत्री पौर्णिमेला तुळजापूरला येतेस हे वाचून मी या वयात टाळ्या वाजवल्या. पण पुढचीच ओळ, “तेरला वीज नसते, म्हणून तारामती आणि मी लॉजवर उतरू,” वाचली आणि हातातला चहा कडू लागला. तारामती म्हणजे तुमच्या अणुवीज वसाहतीतली तुझी शेजारीण. गेल्या चार पत्रांत ती अकरा वेळा आली आहे. (मी मोजलं नाही, सहज दिसलं.)

तर कळव तिला, माझ्या घरी वीज आहे. दोन म्हशी विकून माळवदावर सौर तक्ता बसवला आणि खाली दोन बॅटऱ्या. तू लिहितेस, सूर्य फुकट असला तरी त्याला साठवणं महाग, आमचं अणूचं युनिट पैशांत पडतं. मान्य. चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या, ते धरलं तर माझं युनिट रुपयांत जातं. पण तुझ्या हिशेबात केंद्र बांधण्यात गेलेली वर्षं, इथवर ओढायच्या तारा, आणि जळून उरलेलं इंधन जपायला पिढ्यान् पिढ्या बसवायचे राखणदार धरलेत का? तारामतीबाईंना विचार. त्यांना सगळं येतं.

शिवाय तुझ्या अणूला गार व्हायला अख्खा समुद्र लागतो. माझ्या बॅटऱ्यांना महिन्याला तांब्याभर पाणी पुरतं. फक्त ते डिस्टिल्ड हवं, सोलापूरहून आणलेलं; साध्या पाण्यातल्या क्षारांनी बॅटऱ्या मरतात. ती बाटली मी स्वयंपाकघरात ठेवली, तिथंच चुकलं. टँकर तीन दिवस फिरकला नव्हता. दूध सोसायटीचे बब्रुवानराव भर उन्हातून आले, आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या चांगुणाबाईंनी त्यांना तेच पाणी दिलं. (“वहिनी, पाण्याला चवच न्हाय,” म्हणत त्यांनी सगळं संपवलं.) दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा चांगुणाबाईंनी बाटली प्रामाणिकपणे पुन्हा भरून ठेवली, आणि मी ती बॅटऱ्यांत ओतली. नंतर कळल्यावर रागावले, तर म्हणतात, “दारात आलेल्याला पाणी न्हाय म्हनू व्हय? तुमची पेटी काय पावनी हाय?”

असो. दिवा लख्ख आहे. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात एका कंदिलाला डोकी लावून आपण भूगोल पाठ करायचो. तुझ्या वेणीचं टोक माझ्या धक्क्यानं जळालं, आणि सिस्टरनी कितीही विचारलं तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. त्या उजेडाचा दर आपण कधी काढला नव्हता. घरीच उतर.

तुझी (सर्वांत जुनी)
सत्यभामा

ता. क. दिवा लख्ख होता. आता काजव्याएवढा उरलाय. बॅटऱ्या गेल्या असं मिस्त्री म्हणतो, पण मला आशा आहे. सोलापूरला गाडी बदलताना डिस्टिल्ड पाण्याच्या दोन बाटल्या घे. आणि एक कंदिलाची काच.

आणखी एक. काल तुळजापूरला जाऊन लॉजची खोली ठरवून आले. पंखा आहे, खिडकी आहे, खाट एकच आहे. तारामतीबाईंना सांग, त्यांची मुळीच गैरसोय होणार नाही.