शीड इकडे, झेंडा तिकडे

नरपड, मंगळवार

चिरंजीव विपुलराव जावईबापूंस नारू तांडेल याचे मनापासून आशीर्वाद. ('मनापासून' हा शब्द तुमच्या सासूबाईंनी घालायला लावला; माझं मन अजून ताळ्यावर नाही.) तुमची तब्येत, आमच्या कल्पिताची कंबर आणि तलासरीत तुम्ही नोकरीला आहात त्या हॉटेलातलं गिऱ्हाईक, सगळं ठीक असावं. इकडे सुकवायला टाकलेले बोंबील ठीक आहेत. मी ठीक नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

तुमच्या हॉटेलात उतरलेल्या सिनेमावाल्यांना तुम्हीच सांगितलंत ना, की आमचे सासरे चाळीस वर्षं समुद्रात आहेत, त्यांची होडी आहे आणि त्यांना जुनं सगळं ठाऊक आहे? कान्होजी आंग्र्यांवर सिनेमा काढणारी ती मंडळी गेल्या आठवड्यात दारात हजर. दिग्दर्शक मनिष नावाचा, वयाने तुमच्याहून लहान. म्हणाला, "काका, आम्हाला सगळं अगदी खरं दाखवायचंय." मला भरून आलं. माझा आजा शिडाच्या होडीवर वाढला. शीड कसं बांधायचं, वारा कसा धरायचा, ते त्याने मला हाताला धरून शिकवलंय. मी आठवून आठवून दोन कागद लिहून दिले. (काल त्यांवर कोणीतरी वडे ठेवून खात होतं.)

काल शूटिंग. माझ्या होडीचं इंजिन गोणपाटाखाली लपवलं, शीड चढवलं आणि बाजूला हा भला मोठा पंखा लावला. शीड फुगलं डहाणूकडे. झेंडा मात्र उलटा, गुजरातकडे फडकत होता, कारण त्याला वेगळा पंखा. मी म्हटलं, साहेब, वारा एका वेळी एकीकडेच वाहतो. तर म्हणे, "काका, झेंडा हिरोच्या तोंडावर येत होता, म्हणून वळवला." आणि आंग्र्यांच्या पायात गुडघ्यापर्यंत कातडी बूट. ओल्या फळीवर बूट घालून उभा राहणारा माणूस समुद्रावर हुकूम चालवेल, की आधी पाण्यात पडेल? (हा पडला. दोनदा.)

मग बायकांना बोलावलं. लढाई जिंकून गलबतं परतली, की त्यांनी डोक्यावर टोपल्या घेऊन नाचायचं. आमच्या आळीतली देवकी पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "लढाईवरून होड्या आल्या, तर बाई आधी आपला माणूस त्यात आहे का ते बघेल. नाचेल कशाला?" तिचा भाऊ वादळात गेला तेव्हा ती अशीच किनाऱ्यावर उभी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग नाच बसवणाऱ्याने विचारलं, "आधी थोडं रडून मग नाचलं तर?" देवकी टोपली तिथेच ठेवून घरी गेली. मीही जायला हवं होतं, पण होडी माझी, ती या लोकांच्या हाती कशी सोडणार.

दुपारी लढाई. मी तीनदा सांगितलं की ओहोटी लागलीय, तासाभरात इथे चिखल उरेल. त्यांना ऊन उतरायला हवं होतं. ऊन उतरलं, पाणीही उतरलं. होडी रुतून एका अंगावर कलली, थर्माकोलची तोफ उरल्यासुरल्या पाण्याबरोबर निघून गेली आणि आंग्र्यांना आमच्या शेजारच्या बाळ्याने (हा साठीचा, गुडघेदुखीवाला) पाठुंगळी बसवून किनाऱ्यावर आणलं. वाटलं, आता तरी शरमतील. मनिष खुशीत धावत आला. म्हणे, हा प्रसंग सिनेमात ठेवू. शत्रूला चकवायला आंग्र्यांनी मुद्दाम गलबत रुतवलं. विपुलराव, ज्यांच्या नावाने परकी जहाजं धास्तावायची, त्यांना ओहोटी कळत नव्हती असं आता पोरं शाळेत सांगतील. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? तर म्हणे, "तुम्ही आहात ना. सुरुवातीलाच पडद्यावर येईल : इतिहास सल्लागार, नारू तांडेल."

संतापाने अक्षर बिघडायला लागलं, म्हणून पत्र आवरतो.

तुमचा सासरा,
नारू

ता. क. – लिहिण्याचं खरं कारण असं, की ते लोक शुक्रवारपर्यंत तुमच्याच हॉटेलात आहेत. त्यांना गाठा आणि माझं नाव काढायला लावा.

आणखी एक – ऐकत नसतील तर फार ताणू नका. निदान नाव पूर्ण घाला म्हणावं : नारू धाकल्या तांडेल. बापाचं नाव राहून जायला नको.

आणि हे शेवटचं – यातलं कल्पिताजवळ काही बोलू नका. तिला मी काल संध्याकाळीच फोन करून सांगितलंय, की सिनेमा लागला की सगळे मिळून जाऊ, आणि सुरुवातीची नावं चुकवायची नाहीत.